शाळेच्या पाटीवर नावं कोणाची? डब्लिनच्या कामगाराला विचारा!



हल्ली एक नवं भजन जिकडेतिकडे ऐकू येतं. म्हणे, पुढारी घडतात ते पाद्र्यांच्या शाळांत. तिथल्या दिवाणखान्यात जा, भिंतीवरची सोनेरी अक्षरांची पाटी वाचा. अमुक साली अमुक विद्यार्थी मंत्री झाला, तमुक साली तमुक विद्यार्थी राष्ट्राध्यक्ष झाला! आणि मग आमच्याकडे वळून, जरा दयेनं, सांगतात, 'तुमच्या मराठी शाळेतून काय निघणार? साच्यावर उभं राहणारा नाही तर हमाली करणारा.'

दुसरी एक टोळी आहे, ती याच्या उलट ओरडते. पाद्र्याच्या शाळेत जो शिकला तो परक्यांचा हस्तक, त्याच्यावर भरवसा ठेवू नका, असं तिचं म्हणणं.

आम्ही दोघांनाही जाब विचारणार आहोत. आम्ही म्हणजे मागावर राबणारे. चौथीपर्यंत शिकलो, पुढं घरानं शिकवलं नाही, खात्यानं शिकवलं. पण युनियनच्या खोलीत पाळी सुटल्यावर अभ्यासवर्ग चालतो आणि तिथं एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि मग सगळ्यांनी मिळून भांडायचं, अशी आमची रीत आहे. या वर्गात आम्ही पाट्यांवरची नावं वाचली. नुसती नावं वाचून थांबलो नाही. हा बाबा पुढं कोणाच्या बाजूला उभा राहिला, हे एकेकाचं तपासलं. त्यासाठी देश निवडला आयर्लंड. कारण कॅथलिक मुलांच्या शाळा आणि राजकारण यांची जेवढी घट्ट वीण त्या देशात पडली तेवढी क्वचितच दुसरीकडे पडली असेल. शिवाय तो देश आपल्याला अगदीच परका नाही. 'बॉयकॉट' हा शब्द १८८० साली तिथल्या कुळांनी एका जमीनदाराच्या कारभाऱ्यावर जो बहिष्कार टाकला त्यातून निघाला, आणि टिळकांनी १९१६ साली होमरूल लीग काढली तेव्हा ते नावही आयरिश लोकांच्या चळवळीतूनच आलं.

आधी एवढं ध्यानात घ्या की इंग्रजांनी त्या देशात एके काळी कॅथलिकांना शाळा काढायचीच बंदी केली होती. डॅनियल ओकॉनेल हा त्यांचा मोठा पुढारी. त्याला शिकायला समुद्र ओलांडून फ्रान्समध्ये जावं लागलं. पुढं बंदी ढिली झाली आणि शाळा निघू लागल्या. पण बघा, निघाल्या त्या दोन जातींच्या! जेझुइट पाद्र्यांनी १८१४ साली क्लाँगोज वूड काढली, १८३२ साली डब्लिनमध्ये बेल्व्हेडियर काढली. तिथं फी भरणाऱ्यांची मुलं. आणि वॉटरफर्ड गावच्या एडमंड राइस नावाच्या व्यापाऱ्यानं १८०२ पासून रस्त्यावरच्या पोरांना गोळा करून शिकवायला सुरुवात केली. त्यातून ख्रिश्चन ब्रदर्स या पंथाच्या शाळा निघाल्या. डब्लिनच्या नॉर्थ रिचमंड स्ट्रीटवर त्यांची १८२८ सालची शाळा आहे, तिला ओकॉनेलचंच नाव आहे. धर्म एक, प्रार्थना एक, पण बाकं वेगळी. आपल्याकडं चाळ आणि बंगला असतो ना, तसंच.

भाषेचं काय झालं? ओकॉनेल स्वतः आयरिश बोलणाऱ्या मुलखातला. पण ती भाषा गेली तरी बिघडत नाही, इंग्रजीनं काम होतं, असं त्याचं मत. सरकारी प्राथमिक शाळा १८३१ पासून इंग्रजीतून सुरू झाल्या. १८४५ ते १८४९ च्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि दुसरी तितकीच देश सोडून गेली. मेली कोण, गेली कोण? आयरिश बोलणारी गरीब कुळं. मग १८७८ साली कायदा आला की मुलं परीक्षेत जितकी पास होतील तितका पैसा शाळेला मिळेल. आम्हाला हे ऐकून हसू आलं. हे तर वारावर मजुरी देण्यासारखंच झालं! जितकं कापड तितका दाम. मग कापड कसलं निघणार? इंग्रज साहेबाच्या कचेरीत खपेल तसलं.

आता माणसांकडे येऊ. पहिला माणूस विल्यम मार्टिन मर्फी. बेल्व्हेडियरचा माजी विद्यार्थी. १८८५ ते १८९२ पार्लमेंटात आयरिश पक्षाचा सभासद. डब्लिनच्या ट्राम त्याच्या, मोठं वर्तमानपत्र त्याचं, हॉटेल आणि कापडचोपडाचं दुकान त्याचं. देशाभिमानी एवढा की राजा 'सर' ही पदवी देऊ लागला तर ती यानं नाकारली! पाटीवर झळकावं असंच नाव. आता हा आपला माणूस कामगाराशी कसा वागला ते ऐका.

जिम लार्किन नावाच्या पुढाऱ्यानं डब्लिनच्या गोदीवाल्यांची आणि गाडीवाल्यांची युनियन बांधली होती. १९१३ च्या ऑगस्टमध्ये मर्फीनं युनियनमध्ये गेलेल्यांना कामावरून काढायला सुरुवात केली. २६ ऑगस्टला, घोड्यांच्या प्रदर्शनाची गर्दी शहरात असताना, ट्रामवाल्यांनी गाड्या जागच्या जागी उभ्या केल्या आणि उतरून चालते झाले. ३१ ऑगस्टला भर रस्त्यात पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्या दिवसांतल्या लाठीमारात दोन कामगार जिवानिशी गेले. मग मर्फीनं मालकांची एकी केली. चारशेच्या आसपास मालकांनी कामगारांपुढं कागद ठेवला की लार्किनच्या युनियनशी संबंध ठेवणार नाही असं लिहून द्या, नाही तर फाटक बंद. वीस हजारांच्या आसपास कामगार बाहेर. त्यांची बायकापोरं धरली तर आकडा लाखाच्या घरात जातो. ही टाळेबंदी १९१४ च्या सुरुवातीपर्यंत चालली.

राहायचे कसे ही माणसं? एका खोलीत एक कुटुंब, कधी दोन. टाळेबंदीच्या ऐन भरात, २ सप्टेंबरला चर्च स्ट्रीटवरच्या दोन जुन्या चाळी कोसळल्या आणि ७ जण त्याखाली मेले. मुंबईत पावसाळ्यात इमारत पडल्याची बातमी वाचताना आम्हाला आता चर्च स्ट्रीट आठवतो.

आणखी एक ऐका. इंग्लंडमधल्या कामगारांनी जहाज भरून अन्न पाठवलं. पुढं त्यांच्यातल्या काहींनी सांगितलं, तुमची उपाशी पोरं आमच्या घरी पाठवा, संप मिटेपर्यंत सांभाळतो. तर आर्चबिशप वॉल्श यांनी पत्र काढून आयांना बजावलं की परधर्मीयांच्या घरी पोर पाठवणारी आई कॅथलिक म्हणवून घ्यायच्या लायकीची नाही. बंदरावर पाद्री उभे राहिले आणि पोरांना बोटीवर चढू दिलं नाही. पोटाला भाकरी नाही त्याची कोणाला काळजी नव्हती, विलायतेत पोराचा धर्म बाटेल याची होती! आम्ही हे कॅथलिकांना टोमणा म्हणून लिहीत नाही. कोणत्याही धर्माचा मठ मालकाच्या शेजारी असला म्हणजे असंच बोलतो, हा आमचाही अनुभव आहे.

हरले बिचारे. थंडीत, कर्जात, एकेक करून परत गेले, पुष्कळांनी कागदावर सही केली. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांत डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले होते. त्यांच्या घरातल्यांना हे सगळं समजावून सांगावं लागणार नाही. तिथंही भाड्यानं घेतलेला रेडिओ गेला, बायकोच्या गळ्यातलं गेलं, पोरांची शाळा गेली, आणि शेवटी गिरणीची जागाच विकली गेली.

मर्फीच्या समोर लार्किनच्या बरोबर उभा होता जेम्स कॉनोली. हाही कॅथलिक शाळेचाच पोरगा, पण कसल्या? एडिंबरो शहरातल्या काउगेट या आयरिश झोपडवस्तीतली सेंट पॅट्रिक शाळा. दहा-अकरा वर्षांचा असताना शाळा सुटली आणि पोटासाठी काम सुरू झालं. पुढचं सगळं शिक्षण स्वतःचं स्वतः. याच माणसानं आयर्लंडचा इतिहास कामगाराच्या नजरेनं लिहिला, १९१० साली. टाळेबंदीत लाठी खाल्लेल्यांची त्यानं कामगारसेना उभी केली आणि १९१६ च्या एप्रिलमधल्या उठावात ती रस्त्यावर उतरवली. जखमी झाला. उभं राहता येईना म्हणून १२ मे १९१६ ला इंग्रजांनी त्याला खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या. त्याच्या आधीच्या दिवसांत मर्फीच्या मालकीचं वर्तमानपत्र काय लिहीत होतं? की उरलेल्या म्होरक्यांना दया दाखवू नका! देशाभिमानी मालक आणि परका साहेब यांच्यात या एका गोष्टीत फरक पडला नाही.

म्हणजे बेल्व्हेडियर वाईट आणि गरिबांची शाळा चांगली, असं का? थांबा. अशी घाई करणाऱ्यांसाठीच आम्ही पुढं लिहितो.

केव्हिन बॅरी हा पोरगा बेल्व्हेडियरचाच. डॉक्टरकी शिकत होता. १८ वर्षांचा असताना, १ नोव्हेंबर १९२० ला, इंग्रजांनी त्याला फाशी दिली. ज्या शाळेनं मर्फी दिला त्याच शाळेनं हा दिला. क्लाँगोजचं तर आणखी विलक्षण. जॉन रेडमंड तिथलाच, पार्लमेंटातल्या आयरिश पक्षाचा म्होरक्या. त्यानं १९१४ साली आयरिश तरुणांना इंग्रजांच्या फौजेत जायला सांगितलं. केव्हिन ओहिगिन्स आणि रोरी ओकॉनर हेही दोघं क्लाँगोजचेच. जिवलग मित्र. १९२१ साली ओहिगिन्सच्या लग्नात रोरी ओकॉनर नवरदेवाचा पाठराखा. पुढं इंग्रजांशी तह झाला, तहाच्या बाजूचे आणि विरोधातले असे भाऊ-भाऊ फुटले, आणि ८ डिसेंबर १९२२ ला ओहिगिन्स ज्या सरकारात मंत्री होता त्या सरकारनं रोरी ओकॉनरला गोळ्या घातल्या. १९२७ साली ओहिगिन्सचाही खून झाला. एक शाळा, एक बाक, एक मांडव, आणि शेवट हा असा. आता सांगा, पाटीवर या दोघांची नावं लिहायची ती कोणत्या रकान्यात?

ख्रिश्चन ब्रदर्सच्या शाळांचं वजन मात्र मान्य केलंच पाहिजे. साहेबाच्या कचेरीला कारकून पुरवणाऱ्या या शाळा. पण ओकॉनेल शाळेतून निघालेले कारकून बघा! शॉन ह्यूस्टन, रेल्वेतला कारकून. एमन केंट, डब्लिन नगरपालिकेच्या खजिन्यातला कारकून. आधीचं इंग्रजी वळणाचं नाव टाकून यानं आयरिश नाव घेतलं, भाषा शिकला. कॉन कोल्बर्ट हा तिसरा. तिघांनाही १९१६ साली मे महिन्यात गोळ्या घातल्या. आज डब्लिनच्या मोठ्या रेल्वे स्टेशनाला ह्यूस्टनचं नाव आहे. कारकुनाचं नाव स्टेशनाला! आपल्याकडं स्टेशनांना नावं कोणाकोणाची होती ते आठवा.

वेस्टलँड रो इथल्या ब्रदर्सच्या शाळेतला पॅट्रिक पिअर्स हाही उठावाचा पुढारी. ३ मे १९१६ ला गेला. त्यानं भाषेच्या चळवळीत आयुष्य घातलं, तिचं वर्तमानपत्र चालवलं, आणि १९०८ साली स्वतःची शाळा काढली, आयरिश आणि इंग्रजी दोन्ही भाषांतून शिकवणारी. इंग्रजांच्या परीक्षा-पद्धतीवर त्यानं १९१६ साली एक पत्रक छापलं, त्याचं नावच 'खुनी यंत्र' अशा अर्थाचं. ज्या शाळेनं त्याला घडवलं त्याच तऱ्हेच्या शिक्षणावर त्यानं घाव घातला. माजी विद्यार्थी असावा तर असा.

राज्य हाती आलं तेव्हाही माणसं याच शाळांची. डी व्हॅलेरा हा आधी ब्रदर्सकडे आणि मग ब्लॅकरॉकला शिकलेला. शॉन लेमास ओकॉनेल शाळेचा. १९३७ च्या घटनेनं आयरिश ही पहिली राजभाषा ठरवली. शाळेत सक्तीची केली. तरी घराघरात ती परत आली नाही. का? इथं भाषाप्रेमी मंडळींनी जरा कान इकडं करावा. आयरिश बोलणारा मुलूख पश्चिमेच्या खडकाळ किनाऱ्याचा. तिथं काम नाही, कारखाना नाही. १९५० नंतरच्या दहा वर्षांत देशातून चार लाखांच्या आसपास माणसं निघून गेली. भाषा घटनेत राहिली आणि बोलणारा बोटीत चढला. भाषेच्या राज्यात भाषेच्या माणसाला रोजगार नसेल तर राजभाषेचा कागद बोटीचं तिकीट अडवू शकत नाही.

आणि पाटीवर न आलेली पोरं? त्यांच्याबद्दलही लिहिलं पाहिजे. ख्रिश्चन ब्रदर्स गरिबांच्या, अनाथांच्या पोरांसाठी औद्योगिक शाळाही चालवत. डब्लिनजवळची आर्टेन, पश्चिमेकडची लेटरफ्रॅक. तिथं पोरांना मारहाण झाली, अत्याचार झाले, आणि सरकारनं वर्षानुवर्षं डोळेझाक केली. ११ मे १९९९ ला पंतप्रधान बर्टी आहर्न यांनी देशाच्या वतीनं या लोकांची माफी मागितली. आहर्न स्वतः ब्रदर्सच्याच शाळेचे! २००९ साली चौकशी आयोगाचा मोठा अहवाल आला आणि सगळं छापील झालं. एकाच पंथाच्या एका शाळेतून पंतप्रधान निघतो आणि दुसरीतून आयुष्यभर रात्री दचकून उठणारा माणूस. शाळेच्या मोठेपणाचा हिशेब करताना दुसऱ्याला कोणत्या खात्यावर घालायचं?

बाकीचे देश आम्ही भराभर बघितले. क्यूबाचा फिडेल कॅस्ट्रो हवानाच्या बेलेन या जेझुइट शाळेतून १९४५ साली बाहेर पडला आणि १९६१ साली त्याच्या सरकारनं तीच शाळा ताब्यात घेतली. कराचीच्या सेंट पॅट्रिक शाळेत लालकृष्ण अडवाणी शिकले आणि पुढं परवेझ मुशर्रफही शिकले. १९३६ पर्यंत ते शहर आपल्या मुंबई इलाख्यातच होतं. जुलै २००१ मध्ये आग्र्याची बोलणी झाली तेव्हा एक भारताचा गृहमंत्री, दुसरा पाकिस्तानचा राष्ट्राध्यक्ष, आणि शाळा दोघांची एक. बोलणी फिसकटली ती फिसकटलीच. शाळेचा यात काय उपयोग झाला?

आता आपल्या घरात येऊ. मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस. सेंट अलॉयशियसच्या शाळेतून मॅट्रिक. बापानं १९४६ साली पाद्री व्हायला बंगळूरच्या मठात धाडलं. तिथं वरच्या पाद्र्यांना वेगळं जेवण आणि शिकणाऱ्या पोरांना वेगळं, हे बघून हा पोरगा १९४८ साली निघून आला. १९४९ ला मुंबईत. खिशात दमडी नाही, चौपाटीवरच्या बाकावर झोप. मग गोदीत, हॉटेलात, टॅक्सीत, नगरपालिकेच्या सफाईखात्यात युनियन बांधली. मराठी शिकला आणि मराठीत बोलला, कारण समोर उभा असलेला झाडूवाला मराठी बोलत होता. आणि १९६७ साली त्यानं दक्षिण मुंबईत कोणाला पाडलं? स. का. पाटलांना! हे पाटील कोकणातले, जातिवंत मराठी. मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून जे हटून बसले त्यांत हे पहिले. शंभरावर हुतात्मे झाले तेव्हा त्यांचं मन पाघळलं नाही. मराठी आईच्या पोटचा मुंबईच्या आड आला, आणि मठातून पळालेल्या कोकणी कॅथलिक पोरानं त्याची गादी काढून घेतली. पुढं हेच फर्नांडिस दिल्लीत ज्या गोटात जाऊन बसले ते आम्हाला पटलं नाही, आजही पटत नाही. पण १९७४ च्या मे महिन्यातल्या रेल्वे संपात ज्यांनी त्यांच्या मागे चूल विझवली, त्यांना कोणी विचारलं नाही की तुमचा पुढारी कोणत्या शाळेचा.

परक्यांचे हस्तक म्हणून ओरडणाऱ्या टोळीला आणखी एकच सांगतो. जेझुइटांतलाच फादर स्टीफन्स, जन्मानं इंग्रज, त्यानं गोव्यात बसून मराठीत ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ साली छापलं गेलं. आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. आता यांना परके म्हणणाऱ्यांनी आपल्या पोरांची नावं कोणत्या माध्यमाच्या शाळेत घातली आहेत तेही सांगावं. आम्ही चौकशी केली आहे. नावं छापत नाही, लाज झाकतो.

आणि चाळीतल्या बापाला काय सांगावं? त्याला आम्ही दोष देत नाही. तो अर्धा पगार फीला घालतो, ओव्हरटाइम करतो, कारण त्याला कोणीतरी सांगितलंय की त्या फाटकातून आत गेल्याशिवाय पोराचं भलं नाही. पोर घरी येऊन इंग्रजीत चार शब्द बोलतं, बापाची छाती फुगते. पण बापाच्या पगाराच्या चिठ्ठीवर काय कापलंय हे त्या पोराला बापाला समजावून सांगता येत नाही. पुढारी होणं राहिलं बाजूला. कॉनोलीला शाळा दहा वर्षांचा होईतोच मिळाली, आणि मर्फीला सगळ्यात चांगली मिळाली. कोण कोणाच्या कामाला आला?

आमचं मागणं साधं आहे. आमच्या वस्तीतल्या मराठी शाळेत पाचवीच्या वर्गाला गेल्या दिवाळीपासून गुरुजी नाहीत. छप्पर गळतं. अधिकारी म्हणतात पट कमी आहे, वर्ग बंद करा. पट कमी का झाला हे त्यांनाच विचारा! गुरुजी काढायचे, मग पोरं गेली म्हणायचं, मग जागा मोकळी झाली म्हणायचं. गिरणीच्या जागेचं झालं ते आम्ही पाहिलं आहे, हा डाव आम्हाला नवा नाही.

पहिली पाळी सुटल्यावर शनिवारी सगळ्यांनी शाळेच्या फाटकापाशी जमायचं आहे. ज्यांची पोरं इंग्रजी शाळेत आहेत त्यांनीही यायचं, त्यांना कोणी बोल लावणार नाही. बायाबापड्यांनी पुढं बसायचं. अर्ज तयार आहे, सह्या पाहिजेत. ज्याला सही येत नाही त्यानं अंगठा उठवावा. अंगठ्याखाली नाव आम्ही लिहू, मराठीत, आणि साहेब घेत नाही तोवर फाटक सोडायचं नाही.